प्रश्न चौथा, गुण सोळा

विद्यापीठाच्या तपासणी केंद्रात पंखा फिरतो
आणि गठ्ठ्यावरची उत्तरपत्रिका
आपोआप उघडते, मिटते, उघडते.
प्रश्न चौथा: तीस वर्षांच्या युद्धाची कारणे व परिणाम.

चाळीस पोरांनी एकच गाईड पाठ केलेलं.
सोळाशे अठरा ते सोळाशे अठ्ठेचाळीस,
कॅथलिक, प्रोटेस्टंट, सम्राट, संस्थानिक,
खाली पट्टीनं ओढलेली रेघ.
मीही ओढते: अकरा. अकरा. दहा. अकरा.
"एवढी माणसं मेली, सरासरी निघाली अकरा,"
इंगवले सर म्हणतात,
आणि पेपरवर उमटलेलं चहाचं वर्तुळ
रुमालानं टिपतात.

एकेचाळिसाव्याला नाव नाही, बारकोड आहे.
अक्षर गिचमीड, शाई मध्येच बदललेली.

"प्रागच्या गढीच्या खिडकीतून तिघांना खाली फेकलं.
पंचेचाळीस हात तरी असेल.
तिघंही वाचले.
एक बाजू म्हणाली, मेरीमातेनं पदरात झेललं.
दुसरी म्हणाली, खाली उकिरडा होता.
आमच्या घरी नऊ म्हशी आहेत.
गंजीवरून शेणाच्या ढिगात मीपण पडले आहे.
लागत नाही.
पण तिथं रोज पाटी कोण रिकामी करत होतं
ते पुस्तकात दिलेलं नाही."

मी लाल पेन टेकवते. उचलते.
उत्तरसूचीत पाटी नाही.

"परिणाम: सैन्याला पगार नव्हता.
शिपाई गावात शिरायचे, धान्य कुठं पुरलंय विचारायचे.
नाही सांगितलं तर माणसाला उताणं पाडून
तोंडात शेणकाला ओतायचे.
त्याला स्वीडिश पेय म्हणायचे.
म्हणजे ज्यानं आधी तिघं वाचले
त्यानंच पुढं किती मेले.
ह्याला कारण म्हणायचं का परिणाम
मला कळत नाही. वेळ संपली."

बावीस वर्षं मी हा धडा शिकवते.
मॅग्डेबर्ग एका ओळीत आटपते: शहर जळालं, वीस हजार.
फळ्यावर शून्यं काढायला वेळ लागत नाही.
त्याच साली आपल्याकडं दुष्काळ होता,
लोक चिंचोके दळून खात होते,
हे मला आज, इथं, घाम पुसताना आठवलं.
तहाचं मात्र रंगवून सांगते.
एका गावात बसायला दोन्ही धर्म तयार नव्हते
म्हणून तह दोन गावांत चालला,
आणि दारातून आधी कोणाची बग्गी जाणार
ह्यावर महिने गेले.
पोरं हसतात. लग्नातला मानपान त्यांना ठाऊक असतो.
त्या महिन्यांत कोण कोण उताणं पडलं,
ते मला कोणी विचारलं नव्हतं.

"विषयांतर," इंगवले सर मान लांब करून वाचतात.
"चार द्या, सोडा. अजून दीडशे आहेत."
मी चौकट पेन्सिलीनं भरते, खोडते.
पेपर गठ्ठ्याच्या तळाशी ठेवते,
उद्यासाठी.

संध्याकाळी गंगावेशीत उतरते.
कट्ट्यावर म्हशी ओळीनं उभ्या,
गवळी उकिडवा बसून धार काढतोय,
ग्लासात फेस काठाच्या वर.
"बाई, आज लई उशीर?"
दूध अजून म्हशीच्या अंगाइतकं कोमट.
पहिला घोट घशाशी येऊन थांबतो,
थांबतो,
मग उतरतो.

शेवटच्या म्हशीनं शेपूट उचललं.
कुणी सांगितलं नाही, बोलावलं नाही,
एक बाई आली, पदर खोचलेला,
दोन्ही हातांनी शेण उचलून पाटीत घेतलं,
पाटी कमरेवर घेतली आणि निघाली.

"अहो, नाव काय तुमचं?"
ती वळली. माझ्याकडं बघितलं,
ग्लासकडं बघितलं.
"कुणाचं? म्हशीचं व्हय?"