नंबर अडीच

चोपड्यात खताच्या दुकानावर आमचं ऑफिस,
जिन्यात युरियाचा वास.
मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथून निघते,
स्कुटीत पायाशी डबा: बीपीचं मशीन, शुगरच्या पट्ट्या,
नेलकटर तीन. त्यातला मोठा, पायाच्या नखांचा,
खरं तर गुरांच्या डॉक्टरांनी दिलेला.

एप्रिलमध्ये आठनंतर अनेरचं पात्र पांढरं पडतं,
डोळ्यांत घुसतं.
म्हणून सहाला. म्हणून म्हातारे मला भेटतात
चहाच्या आधी, कवळीशिवाय.

झिपाबाई पाय पुढे करते आणि मान वळवून बसते,
जणू तो पाय दुसऱ्या कुणाचा.
हाताची मात्र आठच नखं कापायची.
दोन्ही अंगठ्यांची राहू दे,
सरकी काढायला लागतात.
वाती कुणाच्या देवाला, विचारलं तर म्हणते, कोनाबी.
सून दुकानातल्या आणते, पाकिटातल्या.

वही आहे. वहीत रकाने:
नाव, वय, दाब, साखर, गरज.
वय म्हणजे अंदाज.
कुणाचं बहात्तरच्या दुष्काळात लग्न झालेलं,
कुणी त्याच दुष्काळात खडी फोडताना बाळंत झालेली.
मी वजाबाकी करून लिहिते.
'गरज'च्या पुढे सुपडाबाईनं सांगितलं:
कळण्याच्या पिठात मीठ किती, ते आता हाताला समजत नाही.
लिही.
लिहिलं.
जळगावच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं,
हे कुठल्या हेडखाली घ्यायचं?

उखा आबा. वय सत्त्याऐंशी, वजाबाकीनं.
आधीची चार लेकरं गेली
म्हणून आईनं त्याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं,
नाव ठेवलं उखा,
मरणाला किळस यावी म्हणून.
"आते मी हाक मारस," म्हणायचा,
"ते नाव वाचस आनि पुढे जास."
त्याचा चष्मा आमच्या शिबिरातला, नंबर अडीच.
डावी काडी तुटली तेव्हा त्यानं
केळीच्या सोपटाचा दोरा वळून बांधला.
वाळून तुटला की नवा.

तो गेला श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या दिवशी,
सगळं गाव पंगतीला बसलेलं असताना.
नातवानं चष्मा परत आणून दिला,
धुऊन, पेपरात गुंडाळून.
संस्थेचा आहे ना, म्हणाला.
'सेवा बंद'च्या पानावर मी तारीख टाकली,
कारणापुढे लिहिलं: नाव न वाचताच उचलला.
मग खोडलं. मृत्यू, असं लिहिलं.
मार्चमध्ये ऑडिट असतं.

आठ दिवसांनी लोटन तात्याचे डोळे तपासले. अडीच.
"कोना शे हाऊ?"
सांगितलं.
"मरेलना चष्मा मी लावस नही."
मरेल असण्याचाच प्रश्न नव्हता.
एका विहिरीच्या मोटारीवरून
बारा वर्षं दोघे बोलत नव्हते,
एकाच पारावर पाठीला पाठ लावून बसायचे.
मी चष्मा ओट्यावर ठेवला, त्याचा दाब घेतला,
एकशे साठ,
मीठ कमी करा म्हटलं, जसं सगळ्यांना म्हणते,
आणि वही मिटली.

डबा स्कुटीत ठेवेपर्यंत
त्यानं तो उचललेला होता.
सदऱ्यानं पुसला, दोरा कानामागे अडकवला,
आणि समोरची भिंत नाही, कॅलेंडर नाही,
माझ्याकडे बघितलं. चांगलं वेळ घेऊन.

"मी समजे तू डोकरी शे," म्हणाला.
"दोन साल. तू ते पोर शे वं!"

मी हसले, तो हसला नाही.
कानामागचा दोरा चाचपत होता.
"हाई सोपट वाळी गयं.
मंगळवारले दुसरं लई ये," म्हणाला,
आणि मी किल्ली फिरवल्यावर, मोठ्यानं:
"त्यानाच मळामाईन."