तळटीप

गेंटमध्ये कालव्याकाठी
गोडलीव्हचं अंत्यविधीचं दुकान, आजोबांपासूनचं.
शोकपत्रांचा मजकूर हल्ली यंत्र लिहितं,
आणि कायदा म्हणतो, तसं खाली छापा.

फॉर्मवर दोनच चौकोन:
पुरवठादार की वापरकर्ता?
ती दुसऱ्यात खूण करते.
गेलेल्या माणसासाठी चौकोन नाही.

अक्षर किती बारीक चालेल, वकिलाला विचारते.
‘वाचता येईल इतपत,’ तो म्हणतो,
आणि एवढ्याचं बिल लावतो.

ओडीलची बायको चष्मा पुसून
शोकपत्र वाचते.
‘फुलांवर त्यांचा फार जीव...’
‘शिंकून शिंकून बेजार व्हायचा फुलांनी,’ ती पुटपुटते.
मग अगदी खाली, त्या मुंगीएवढ्या ओळीवर
बोट टेकवते:
‘हे तेवढं खरं आहे.
हे जरा मोठं छाप.’