कडता

मोंढ्यात तीस वर्षं काटा धरला मी.
पोत्यामागं किलोभर बारदान,
ओलीचा कडता, मातीचा कडता,
हमाली, तोलाई, आडत,
शेतकऱ्याच्या पट्टीतून काय काय गळतं
ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.
पण गळतीला नाव तरी असायचं.

शिवलीला डॉक्टरकीला बिश्केकला गेली.
मेसचे दोनशे डॉलर उदगीरच्या बँकेतून पाठवले.
साहेबांनी चार कागदांवर सह्या घेतल्या,
कमिशन घेतलं, कमिशनवर कर घेतला,
आणि आठवड्यानं तिचा फोन,
"अप्पा, एकशे एकोणऐंशीच आलेत."
एकवीस कुठं सांडले, मी विचारलं.
मध्ये एक बँक असते, साहेब म्हणाले.
कुठं मध्ये?
ते त्यांनाही सांगता येईना.
घरी येऊन तिचा शाळेतला नकाशा काढला,
उदगीरपासून बोट वर वर नेलं.
डोंगर लागले, वाळवंट लागलं,
मधली बँक काही लागली नाही.

वाट मग तिनंच काढली.
मेसमध्ये भात शिजवणारा मैनोद्दीन
निघाला मुक्रमाबादचा,
आपल्या देगलूर रस्त्यावरचा, एस्टीनं तासाभराचा.
त्यालाही आईला सतरा हजार धाडायचे असायचे
आणि त्याचेही मध्येच कुठंतरी सांडायचे.
"अप्पा, तो मला इथं देईल,
तुम्ही त्याच्या अम्मीला तिथं द्या."
तिकडचा सोम तेव्हा आपल्या रुपयाएवढाच होता,
उन्नीस-बीस.
काटा अगदी मधोमध.

साहेबांच्या कानावर घातलं.
ते चष्म्यावरून बघत म्हणाले,
हे नियमात बसत नाही,
आणि मी हे ऐकलेलंही नाही.

हुरमतबी चिंचा फोडत बसलेली.
पदराला हात पुसून तिनं नोटा घेतल्या,
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
म्हणून अंगठ्यानं मोजल्या.
मग नाकाजवळ नेल्या.
"तुरीच्या भुशाचा वास येतोय, भाऊ."
मोंढ्यातल्या आहेत, मी म्हणालो.
"म्हंजे त्याच्या हातच्या न्हाईत."
नाहीत. माझ्या हातच्या.
"आन त्याच्या?"
माझ्या लेकीच्या हातात.

ती पुन्हा चिंच फोडायला लागली.
चिंचोके एकीकडं, गर एकीकडं.
निघताना पसाभर गर
माझ्या रिकाम्या पिशवीत ओतला
आणि बसची वेळ सांगितली.

परतताना हिशोब केला.
जाऊन-येऊन एकशे दहा, चहाचे दहा,
चिंच तर वरकड.
बँकेपेक्षा कितीतरी स्वस्त.
एक पैसा सीमेपलीकडं गेला नाही,
एक पैसा सीमेअलीकडं आला नाही,
तरी दोन घरं भागली.
आणि तरी कुठंतरी घट येत होती.
काटा झटकला, पारडं पुसलं,
तिला नाव सापडेना.

नऊ महिने असेच गेले.
शिवलीला एकदा म्हणाली,
"तो पैसे देतो ना, अप्पा, नोटा ओल्या असतात,
ताट धुता धुताच उठून येतो बिचारा."
हे मी हुरमतबीला सांगितलं.
तिनं दोनदा सांगायला लावलं.

सुट्टीला कंधारचा एक पोरगा आला,
त्याच्याजवळ एक पाकीट.
आत वीस सोमची एकच नोट, चुरगळलेली.
"अम्मीला द्या म्हणाला.
मोजू नको म्हणावं."

त्या महिन्यात मी सतरा हजार दिले
आणि वर ती ठेवली.
अंगठा तिच्यावर येऊन थांबला.
ही आपल्यातली नव्हं, म्हणाली.
नाही.
तिनं ती नाकाला लावली
आणि लावूनच बसली.
बाहेर देगलूरची गाडी येऊन गेली,
माझीही वेळ टळली.

"अजून कांदा करपवतोच मेला,"
ती म्हणाली.

माझ्या वहीत त्या तारखेला
हुरमतबी, सतरा हजार, नावे.
खाली नुसतेच वीस.
दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर.