अकरा वेळा

करजगी डॉक्टर विचारतात, दिवसातून किती वेळा?
मी उत्तर मराठीत जुळवते,
पण आतली मोजणी तेलुगूतच चालते, विड्यांसारखी.
पदी, पदकोंडु.
अकरा, मी म्हणते.
रात्रीची धरून?
रात्रीची वेगळी.

पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार.
पूर्वी चारच्या आत सूप रिकामं व्हायचं माझं.
आता कात्री हातात, दोरा दातांत,
आणि पोटाला कुणीतरी पिळा घालतं
ओल्या चादरीला घालतात तसा, दोघांनी दोन टोकं धरून.
मी उठते.
शेजारची अंबूबाई मान वर करत नाही.
एवढी तिची माया.

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा अत्तम्मा म्हणाली,
बाईला असतंच.
मग तिनं बोटं मोजली.
महिन्यातले चार दिवस हिशेबात बसले,
उरलेले कुठं टाकायचे तिला कळेना.
देवघरापासून मात्र सगळेच दिवस लांब बसवलं.
दोन वर्षं मीही तेच समजत होते.

मराठीत म्हणतात, आतडं तुटतं.
सिव्हिलमध्ये पडद्यावर बघितलं,
तुटलं नव्हतं.
सोललं होतं, भाजलेल्या वांग्यासारखं.

नवऱ्यानं टॉवेलच्या कारखान्यातून
सेकंडचा एक माल आणला, मरून रंगाचा.
कशाला, तो बोलला नाही. मी विचारलं नाही.
त्याच्यावर बसून वळते.

पाणी पाचव्या दिवशी येतं.
तीन पिंपं, त्यातलं एक माझं एकटीचं.
थोरली त्यावर झाकण ठेवते, झाकणावर वीट,
आणि कुणी बादलीभर मागितलं की
डोळा न लववता सांगते,
त्यात अळ्या झाल्यात.

गोळ्यांनी तोंड गोल झालं तेव्हा गल्ली म्हणाली,
तब्येत धरलीस गं!
शेंगाचटणी सुटून नऊ महिने झाले होते.
अत्तम्मा विचारते, मुलाचं काय?
डॉक्टर म्हणतात, आधी आतडं निवू दे.
माझं मत अजून कुणी विचारलेलं नाही.
मलाही ते ठाऊक नाही.

शनिवारी माल द्यायला गेले.
मुनशीनं साठ विड्या छाट काढल्या.
मी म्हटलं, काढा. पण संडासची किल्ली द्या.
ती ऑफिसची आहे, तो म्हणाला.
मला आतड्याचा रोग आहे,
मी म्हटलं, सगळ्या लाईनीला ऐकू जाईल असं.
पंखा तेवढा फिरत राहिला.
मग किल्ली टेबलावर आली.

परत आले तर
तिनं हात पुढं केलेला,
मागच्या नव्या नवरीनं,
माझ्याकडं न बघता.
मुनशीला म्हटलं, थांबा जरा.