दीड बोट

माझं तोंड दीड बोट उघडतं.
डॉक्टरीणबाईंनी मोजलं, स्वतःचीच बोटं लावून,
कागदावर लिहिलं, मग विचारलं,
"किती वर्षं खात होते खर्रा?"
खाणं तर झालंच, मॅडम. मी विकत होतो.
चौदा वर्षं ठेल्यावर, पन्नीत घोटून घोटून.
अख्ख्या गावाची चव माझ्या तळहातात होती.

आता रोज सकाळी दातांमध्ये
आइस्क्रीमच्या काड्या रचून बसतो, एकावर एक.
सोमवारी अकरा होत्या. आज बारा.
करुणाच्या शाळेतल्या प्रयोगातून उरलेल्या,
दोन-तीन काड्यांना अजून निळा रंग आहे.

वनमाला सातऱ्यावर जाते,
दिवसभर लाल मिरच्यांचे देठ खुडते, किलोवर पैसे.
संध्याकाळी तिचे हात पेटलेले असतात.
राखेनं धुवा, ताकानं धुवा, विझत नाहीत.
त्या हातांनी पाण्याचा पेला जरी दिला
तरी माझे गाल आतून सोलतात.
म्हणून चूल माझ्याकडे आली.
कोणी दिली नाही, मी मागितलीही नाही.

पहिल्या दिवशी डाळीत पाणी ओतलं
आणि त्याला सूप म्हटलं.
तिनं एक घोट घेतला.
"हे त नुसतं गंज धुतल्यावानी लागते."

मिरची नसताना चव कुठून आणायची,
हे मला विचारा.
तुरीची डाळ शिजली की ढवळायची नाही,
तिला खाली बसू द्यायचं, वरचं पाणी वेगळं घ्यायचं.
कोहळ्याची फोड पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यावर
साल काळी होईस्तोवर भाजायची,
नुसती उकडली तर मुकी राहते.
लसूण सालासकट राखेत पुरायचा आणि विसरायचा.
आठवण येते तोवर तो लोणी झालेला असतो.
टमाटर मला झोंबतं, सोडलं.
आंबटाची हौस चमचाभर ताकावर,
तेही गंज खाली उतरवल्यावर, नाही तर फाटतं.
शेवग्याचा पाला अगदी शेवटी, मूठभर,
आणि सांबाराच्या पानांआधी त्याच्या काड्या,
कारण खरी चव काड्यांत असते
हे मला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

मग रई.
दोन तळहातांमध्ये दांडा, इकडून तिकडे, इकडून तिकडे.
घोटायचं म्हटलं की हात काही विसरत नाहीत.

रस्त्यावरून जाणारे विचारतात,
"काय घोटून राह्यले, भाऊ?"
"कोहळं."
हसतात, पुढच्या ठेल्यावर जातात.
परवा बाबाराव मात्र थांबला.
आडोशाला येऊन आ केला, म्हणाला, "पाय बरं."
मी बोटं लावली.
दोन. तीही ओढून ताणून.
काही बोललो नाही. वाटी भरून दिली.
त्यानं गालातला खर्रा थुंकला आधी,
थुंकून त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिला.

रात्री आम्हा दोघांचं एकाच गंजातून निघतं.
ती आपल्यापुरता भुरका करते अंगणात,
तेल, लसूण, तीळ, सातऱ्यावरूनच आणलेलं तिखट,
चर्र करून वाटीत ओतते
आणि माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यावर बसते.
तिच्या वाटीत भुरका,
माझ्याकडे नुसता ओठांचा भुरका,
तोही शिट्टी वाजवल्यासारखा, बारीक.
सहा महिने मी तिची पाठ बघत जेवलो.

काल म्हटलं, "इकडे तोंड कर."
"ठसका लागन तुमाले."
"लागू दे."

वळली.
वाफ आली, लाल, तिळाची, ओळखीची.
खोकलो. दीड बोटातून खोकलासुद्धा अर्धाच निघतो.
डोळे भरून वाहू लागले.
तिनं घाईनं पदरानं वाटी झाकली.
मी पदर बाजूला केला.