अकरा दिवस जास्त

डेपोत रात्री हिशोब देताना
पाच रुपये कमी पडले तर पदरचे घालते.
जास्त निघाले तर मात्र घाबरते.
कुणाचे राहिले, कुठल्या स्टॉपवर,
सांगता येत नाही.

तसे हे अकरा दिवस.

फाटलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.
"इतक्या वर्षांत पहिल्यांदा," विलास म्हणाला.
दिवा लावून नीट पाहिलं,
पंक्चर शोधावं तसं.
दुसऱ्या दिवशी गोळी आणायची होती.
दुसऱ्या दिवशी कात्रज–शिवाजीनगरच्या दोन जादा फेऱ्या लागल्या,
तिसऱ्या दिवशी तेजूच्या क्लासची फी,
आणि मग मीच म्हणाले, या वयात कुठलं काय.

बेचाळीस.
डेपोतली इंदूबाई म्हणते, "जायची वेळ झाली असेल गं, सुटशील."
बोलण्यातही काय गंमत आहे.
पाळी गेली म्हणजे संपलं.
दिवस गेले म्हणजे सुरू झालं.
दिवस राहिले, तरी तेच.
आणि चुकली म्हणतात.
कुणाचं चुकलं, ते कुणी म्हणत नाही.

दिवसभर ओरडते मी,
पुढे सरका, दारात थांबू नका.

काल पद्मावतीला एक पोरगी चढली, सातवा असावा.
एका कॉलेजवाल्याला उठवून तिला बसवलं.
तिने डबा मांडीवर घेतला, घाम पुसला,
म्हणाली, "मॅडम, एक स्वारगेट."
मशीनमधून मी दोन काढली.
एक तिला दिलं.
एक मुठीत राहिलं, ओलं होत होत
पार मंडईपर्यंत.

आमच्या मोरीच्या फळीवर दोघींत एकच पाकीट असतं.
दोन वर्षं झाली, तिच्यामाझ्या तारखा लागून येतात.
दर महिन्याला तेजू वैतागते,
"आई, परत तूच संपवलंस?"
या महिन्यात काही बोलली नाही.
पाच उरलेत.
मी रोज मोजते.

किट धनकवडीत नाही घेतलं, तिथला मेडिकलवाला विलासचा मित्र.
स्वारगेटला घेतलं, ड्रेसवरच.
पोराने माझा बिल्ला वाचला,
मग खोकं पेपरात गुंडाळलं, मग परत एका पेपरात.
तीन दिवस ते चामड्याच्या पिशवीत, चिल्लरीखाली.
पिशवी नेमकी पोटावर येते.
वीस वर्षं येते.
परवापासून काचते.

विलासला सांगितलं नाही.
सांगेन. तो वाईट माणूस नाही,
पण तो लगेच म्हणेल, "बघू,"
आणि बघायचं मलाच.

पहाटे साडेचार, पहिल्या फेरीआधी.
मोरीची कडी लावली.
नळ सोडला, उगाच, आवाजासाठी.

बाहेरून तेजू, आवाज झोपेतला नाही:
"आई, नळ बंद कर.
पाच मिनिटं थांबायचं असतं,
मी खोक्यावर वाचलंय."

मी काहीच बोलले नाही.
नळ बंद केला.

पत्र्याचं दार जरासं वाजलं.
पलीकडून ती टेकून बसली असावी.
"मी मोबाईलवर वेळ लावते," म्हणाली.
"सांग, कधी सुरू करू?"