काचेचं कापड

एप्रिल सरत आलेला, कूलरचा सीझन मानेवर बसलेला,
तेव्हा सदरचे केरसी चिनॉय टेम्पोत घालून घेऊन आले
एक पिवळी, दोघांपुरती, बिनछपराची गाडी.
पुढचा उजवा मडगार्ड गेलेला.
चेपला नव्हता, पापडासारखा फुटला होता.

बाबांनी नखानं वाजवून पाहिलं. टक्. टक्.
"अरे बाप्पा," म्हणाले, "हे तं कूलर होय!"

चिनॉय उखळीवर बसले आणि सांगत सुटले.
कैझर डॅरिन, चौपन्न सालची,
बनल्या फक्त चारशे पस्तीस.
आखणाऱ्याला बाहेर उघडणाऱ्या दारांचा तिटकारा,
म्हणून हिचं दार पुढे सरकतं, मडगार्डच्या पोटात शिरतं.
तोंड मात्र इवलंसं,
बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसं.

मँगनीजच्या खाणीवाल्या काकांनी ती नागपूरला कशी आणली
हे त्यांनी तीनदा सांगितलं, तीन प्रकारे.

कंपनी बुडाली, तेव्हा उरलेल्या गाड्या
तिकडच्या बर्फात उघड्यावर पडून होत्या.
ज्यानं आखल्या त्यानंच त्या विकत घेतल्या,
दांडगी इंजिनं बसवून स्वतः विकल्या.

बाबा ब्रश धुवत होते. थांबले.
"आमचा माग इकला तवा," म्हणाले,
"वापस घ्यायले कोणी नाई आलं."

आम्ही पराते. पाचपावलीत आजोबांचा माग होता,
तो सरपणाच्या भावात गेला.
बाबा हिंगण्याला रेझिन शिकले.
कापडच ते, फक्त काचेचं.
ताणा नाही, बाणा नाही, नुसता विस्कटलेला धागा,
आणि रात्रभर खाजणारे हात.

मडगार्ड आतून घासताना त्यांनी मला हाक मारली.
"कुंदे, टॉर्च आण."
रंग कधी न लागलेल्या त्या अंधाऱ्या बाजूला
रेझिनमध्ये गोठलेला ब्रशचा एक केस
आणि त्याच्या शेजारी अंगठा.
मिशिगनमधल्या कुणाचा तरी, घाईतला, जरा तिरपा.
बाबांनी तेवढी जागा घासली नाही.
शेवटचा थर ओला असताना
शेजारी आपला टेकवला.

दार काही सरकेना.
चिनॉयनी अमेरिकेला पत्र टाकायचं ठरवलं.
बाबांनी आजीच्या पेटीतून मेणाचा गोळा काढला,
धोट्याच्या वाटेला लावायचे तो,
खाचेत फिरवला, दार ढकललं.
गेलं. सर्रकन. आलं.
पुन्हा गेलं. आजीनं पदर डोळ्यांना लावला,
म्हणाली, धूळ गेली.

चाचणीला वर्धा रोडवर नेली, मे महिना, पंचेचाळीस डिग्री.
अजनीपाशीच वाफेचा फवारा.
चिनॉय घाम पुसत म्हणाले, साठ साली फ्रान्समध्ये
चोवीस तासांची शर्यत, कॉर्व्हेट, तीही फायबरचीच.
शेवटी पाणी संपलं, नियमानं भरता येईना,
तर पोरांनी इंजिनाभोवती बर्फ रचला. रेटत रेटत
आठवी आली, आपल्या गटात पहिली.

"म्हंजे त्याईनं इंजिनाले कूलर लावला,"
असं म्हणून बाबा सायकलवर बर्फाच्या कारखान्याकडे निघाले.
अर्धी लादी, गोणपाटात, भुशासकट.
गाडी सदरला पोचली
रस्ताभर ओली रेघ ओढत.

पुढल्या वर्षी चिनॉयनी ती कोइम्बतूरला विकली.
पैसे बाबांना वेळेवर दिले, वर एक घड्याळ.

एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.
परत देण्याआधीच्या रात्री
बाबांनी त्या मडगार्डवर मेण चोपडलं होतं
आणि साचा काढून घेतला होता.

पराते कूलरचा उजवा खांदा त्या सालापासून गोल झाला.
गिऱ्हाईक विचारायचं, हे असं काऊन?
बाबा म्हणायचे, हवा घसरते तिथून. घसरत नव्हती.

परवा खामल्यात एका गच्चीवर पाहिला,
मोटर गेलेला, वाळा कुजलेला, पिवळा.
खांद्याशी कबुतर बसलं होतं.
त्याचा पाय सारखा घसरत होता.